सही आणि स्वाक्षरी

मराठी माणूस कागदाच्या अखेरीस जे करतो त्याला आपल्या भाषेत दोन शब्द आहेत. एक 'सही' आणि दुसरा 'स्वाक्षरी'. व्यवहारात आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो आणि त्यांत काही अंतर असेल अशी शंकाही मनात येऊ देत नाही. वस्तुतः ते दोन निरनिराळ्या गोष्टी सांगतात. 'सही' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ बरोबर, खरे, निर्दोष असा आहे. तेव्हा सही करणारा मनुष्य वरचा मजकूर खरा आहे असे म्हणत असतो. 'स्वाक्षरी'चा दावा याहून फार लहान आहे. ही अक्षरे माझ्या हातची आहेत, एवढेच ती सांगते. पहिला शब्द मजकुराविषयी बोलतो आणि दुसरा हाताविषयी. या दोहोंमधील अंतर केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा विषय असते, तर त्यावर कागद खर्चण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु दिवसातून शेपन्नास वेळा ज्याला नाव लिहावे लागते, आणि त्या नावामुळे कोणाची जमीन, कोणाचे निवृत्तिवेतन तर कोणाची नोकरी इकडची तिकडे होते, अशा मनुष्याने आपण सही करतो की स्वाक्षरी, हा प्रश्न स्वतःला विचारणे अगत्याचे आहे. या मासिकाच्या वाचकांपैकी पुष्कळजण अशाच कामावर आहेत.

कागदाखाली नाव लिहून तो पक्का करण्याची आजची पद्धत आपल्याला अनादि वाटते, पण ती तशी नाही. शिवकालीन राजपत्रांत वर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब असे. मोर्तबाचे काम मोठे मार्मिक होते. मजकूर येथे संपला, याखाली कोणी एक अक्षरही वाढवू नये, अशी ती सीमा होती. गावच्या महजरावर सगळा गाव साक्षीला बसे. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या कामाचे चिन्ह काढीत. कुणबी नांगर काढी, शेटे तागडी काढी, आणि कारकून शेजारी 'निशाणी नांगर', 'निशाणी तागडी' असे लिहून ठेवी. या चित्रांत मनुष्याच्या नावापेक्षा त्याचा धंदा आणि गावातील त्याचे स्थान पुढे येई. चारचौघांसमक्ष काढलेली ती निशाणी नाकारणे अवघड होते, याचे कारण चिन्हाचे वळण नव्हे. ते काढताना पाहणारे डोळे हे त्याचे कारण होते. पुढे साक्षरता आणि कचेऱ्या वाढल्या, गाव आणि महजर मागे पडले, आणि पाहणाऱ्या डोळ्यांचे काम एकट्या शाईवर येऊन पडले.

मग त्या शाईकडून कायदा काय अपेक्षितो? प्रथम पाहता तो फार थोडे मागतो असेच दिसते. ज्याला नाव लिहिता येत नाही त्याच्या बाबतीत 'सही' या शब्दात खुणेचाही समावेश होतो, असे १८९७ चा सामान्य वाक्खंडांचा अधिनियम सांगतो. नाव कोणत्या लिपीत असावे, सुवाच्य असावे की नसावे, याविषयी तो काही बंधन घालीत नाही. कलकत्त्यात बसून देवनागरीत केलेली सही इंग्रजीत केलेल्या सहीइतकीच चालते. मृत्युपत्राच्या बाबतीत तर कायदा आणखी उदार होतो. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष आणि त्याच्या सांगण्यावरून दुसऱ्याने त्याच्यासाठी सही केली तरी ती त्याचीच ठरते. सही अशा जागी मात्र असावी लागते की, हा लेख मृत्युपत्र म्हणून अमलात यावा असा तिचा हेतू दिसून येईल. म्हणजे हात कोणाचा, हा प्रश्नही शेवटी गौण आहे आणि इच्छा कोणाची, हा खरा प्रश्न आहे, असे कायद्यालाही मान्य आहे. दोन साक्षीदार लागतात. पण साक्षीदाराने मृत्युपत्रातील मजकूर वाचलेला असला पाहिजे असे नाही. त्याने सही होताना पाहिली, किंवा करणाऱ्याने 'ही माझी सही' असे त्याच्यापाशी स्वतः कबूल केले, एवढे पुरते. साक्ष स्वाक्षरीची असते, मजकुराची नसते.

आता कोणी सही नाकारली तर काय? १८७२ चा पुरावा अधिनियम जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी या बाबतीतले मार्ग बहुतांशी तेच राहिले आहेत. सही ज्याची म्हणतात त्याचीच आहे हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी ज्याने ती होताना पाहिली तो बोलावता येतो, त्या मनुष्याचे अक्षर ओळखणारा परिचित बोलावता येतो, हस्ताक्षरतज्ज्ञाचे मत घेता येते, आणि न्यायाधीश स्वतःही कबूल असलेल्या सहीशी ताडून पाहू शकतो. योग्य ताब्यातून आलेला तीस वर्षांचा जुना कागद असेल, तर त्यावरील सही खरी मानण्यास न्यायालयाला मोकळीक आहे. तज्ज्ञ एक गोष्ट सांगतात ती विचार करण्याजोगी आहे. एकाच मनुष्याच्या दोन खऱ्या सह्या कधीही तंतोतंत जुळत नाहीत. ज्या दोन सह्या एकीवर एक ठेवल्या असता रेषेला रेषा मिळते, त्यांपैकी निदान एक तरी गिरवलेली असावी असा संशय घ्यावा लागतो. जिवंत हात थोडा चुकतो, थोडा वळतो. बनावट हाताला मात्र चुकण्याचे धैर्य नसते. आणि बनावट सही ही कायद्याने सहीच नव्हे. १९८७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की, धनादेशावरील खातेदाराची सही खोटी असेल, तर पैसे देण्याचा आदेश बँकेला मुळी मिळालेलाच नसतो. खातेदाराने हिशेब तपासण्यात हयगय केली, एवढ्यावरून बँक सुटत नाही.

येथवर सारा विचार हाताचा झाला. खरी अडचण पुढे आहे. हात खरा, शाई खरी, साक्षीदार खरे; पण मजकूर वाचलेलाच नाही, किंवा वाचून समजलेला नाही, अशा सहीचे काय? इंग्रजी न्यायालयांनी १५८२ सालीच एक उत्तर दिले होते. निरक्षर मनुष्याला दस्त भलताच वाचून दाखवला आणि त्याने तो आपला म्हणून दिला, तर तो त्याला बांधील नाही. परंतु साक्षराची गत निराळी. १९३४ साली वेल्समधील एका उपाहारगृहाच्या मालकिणीचा खटला गाजला. तिने सिगारेटचे एक यंत्र विकत घेताना छापील कागदावर सही केली होती. यंत्र चालेना, पण विक्रेत्याची जबाबदारी झटकणारे वाक्य त्या कागदावर बारीक टाइपात होते. न्यायालयाने सांगितले की, फसवणूक किंवा खोटी बतावणी झालेली नसेल, तर सही करणारा बांधला जातो; त्याने कागद वाचला होता की नाही हा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडे १९६८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे नवऱ्याने पत्नीकडून सही करून घेतलेल्या बक्षीसपत्राचे प्रकरण आले. तेव्हा न्यायालयाने असा भेद केला की, दस्त कोणत्या जातीचा आहे याविषयीच फसवले असेल तर तो मुळातच व्यर्थ. दस्ताची जात ठाऊक होती, पण आतील तपशिलाविषयी फसवले असेल, तर तो रद्द करून घेण्याजोगा, आणि तोही मुदतीत. नियम कठोर आहे खरा. पण तो अन्याय्य आहे असे म्हणता येत नाही. 'मी वाचले नव्हते' हे उत्तर पुरेसे मानले तर जगात कोणाचा कोणावर भरवसाच राहणार नाही.

तथापि या नियमाच्या मुळाशी एक गृहीत आहे, आणि ते तपासले पाहिजे. सही करणाऱ्याला वाचता येत होते, समजत होते, आणि नाही म्हणण्याची मोकळीक होती, असे तो धरून चालतो. हे गृहीत खोटे ठरले तेव्हा काय झाले याचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच घडला आहे. आपल्या जुन्या खतपत्रांत एक ठरीव वाक्य असते: हे खत राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले असे. एकोणिसाव्या शतकात दख्खनच्या कुणब्याने या वाक्याखाली कितीदा खूण केली असेल याची गणती नाही. त्या खतात मुद्दल किती, व्याज किती, मागच्या वर्षीचे जमा धरले की नाही, हे त्याला वाचता येत नव्हते. आणि वाचता आले असते तरी सारा भरण्याच्या दिवशी पैसा दुसरीकडे कोठे मिळणार होता? राजीखुशी नव्हती, आणि अक्कलहुशारीला वाव नव्हता; अंगठा मात्र खरा होता. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोक उठले, आणि तेथून पुणे व नगर जिल्ह्यांत तो दंगा पसरला. त्यांचा रोख प्रामुख्याने सावकाराच्या दप्तरातील खतांवर होता. खते हाती घ्यावी आणि जाळावी, हा त्या दंग्याचा विशेष होता. आपल्याच सहीचा कागद आपणच जाळावा, याहून त्या सहीचा स्पष्ट इन्कार कोणता असू शकेल?

सरकारने दंगा मोडला, चौकशी आयोग नेमला, आणि १८७९ साली दख्खन कृषक साहाय्य अधिनियम केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झालेल्या त्या कायद्यातील दोन कलमे आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहेत. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्त सरकारने नेमलेल्या गावच्या निबंधकाने किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहावेत, असे एक. आणि दावा आल्यावर न्यायालयाने खतावरील आकड्यापाशी न थांबता देवघेवीचा इतिहास मुळापासून तपासावा, हे दुसरे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले. सही खरी आहे एवढे पाहून न्यायाधीशाने मान डोलवू नये, सहीच्या मागे जावे, असे येथे कायद्यानेच सांगितले. पडदानशीन स्त्रियांच्या दस्तांविषयी न्यायालयांनी हाच न्याय लावला आहे. तिला मजकूर समजला होता, तिने तो मोकळ्या मनाने मान्य केला होता, हे सिद्ध करण्याचा भार दस्ताचा लाभ घेणाऱ्यावर पडतो. यांतून एक तत्त्व निघते, आणि मला ते या विषयाचे मर्म वाटते. न वाचलेल्या सहीचे ओझे दोघांपैकी ज्याला वाचता येत होते आणि ज्याच्या हाती सत्ता होती, त्याने वाहावे.

येथे अंगठ्याचीही आठवण करावी. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा घेतला. त्यामागे प्रथम शास्त्र नव्हते. पुढे त्याने करार नाकारू नये, असा धाक बसवण्याचाच हेतू होता. त्या प्रयोगातून पुढे शास्त्र निघाले, आणि १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय स्थापन झाले. ठशाने ओळख पक्की झाली. परंतु ज्याचा ठसा त्याला मजकूर समजला होता काय, हे सांगण्याची शक्ती त्यात कधीच नव्हती. स्वाक्षरी जितकी अचूक झाली तितकी सही खरी झाली, असे घडलेले नाही.

आता हा न्याय आपण आपल्याला, म्हणजे अधिकारपदावर बसलेल्यांना, लावून पाहू. आपल्या सहीचा प्रकार कुणब्याच्या सहीहून अगदी उलटा आहे. संविधानाच्या ७७ व्या अनुच्छेदाप्रमाणे केंद्र सरकारचे आदेश राष्ट्रपतींच्या नावाने निघतात, आणि खाली सही उपसचिवाची किंवा अवर सचिवाची असते. नियमाप्रमाणे अधिप्रमाणित झालेला तो आदेश राष्ट्रपतींनी केलेला नाही, या कारणावरून त्याच्या वैधतेला आक्षेप घेता येत नाही. शिवाय सरकारी कृत्य रीतसर पार पडले असावे, असे न्यायालयाला गृहीत धरता येते. राज्ययंत्र चालावयाचे तर हे सारे आवश्यकच आहे. पण त्याचा परिणाम पाहा. न वाचता खूण केली म्हणून कुणब्याचे शेत गेले. न वाचता सही केली म्हणून अधिकाऱ्याचे सहसा काहीच जात नाही, जाते ते दुसऱ्याचे. शिवाय आपल्याला वाचता येत होते, दिवा होता, खुर्ची होती, आणि नाही म्हणण्याचा अधिकारही होता. ज्या गृहीतावर कठोर नियम उभा आहे ते येथे पूर्णपणे खरे आहे. तरी नियमाचा चटका मात्र येथे सर्वांत कमी लागतो. कायद्याने जेथे ढाल दिली आहे तेथे माणसाच्या विवेकाने अधिक सावध असावयास हवे, ते याच कारणासाठी.

एक जुने उदाहरण घेऊ. कित्येक वर्षे राजपत्रित अधिकाऱ्याकडे मुले प्रमाणपत्रांच्या नकला साक्षांकित करून घ्यावयास येत, आणि त्यांबरोबर चारित्र्याचा दाखलाही मागत. 'मी यांना तीन वर्षांपासून ओळखतो' असे त्यावर छापलेले असे, आणि समोर उभ्या असलेल्या मुलाला साहेबांनी तीन मिनिटांपूर्वी प्रथम पाहिलेले असे. नाही म्हणावे तर गरिबाच्या अर्जाची मुदत जाणार; सही करावी तर ती धडधडीत असत्याखाली होणार. पुष्कळांनी दयेने सही केली, आणि त्यांना दोष देणे मला प्रशस्त वाटत नाही. दोष होता तो खोटे बोलल्यावाचून भलेपणा करता येऊ नये अशी मांडणी करणाऱ्या नियमाचा. २०१४ च्या सुमारास केंद्र सरकारने स्वसाक्षांकनावर भर दिला आणि हा भार पुष्कळ हलका झाला. अर्जदाराने आपल्या कागदाची जबाबदारी आपणच घ्यावी, हे नैतिक दृष्ट्याही अधिक सरळ आहे.

परप्रांती नेमणूक झालेल्या मराठी अधिकाऱ्यापुढे आणखी एक प्रश्न असतो, आणि तो घरी राहिलेल्यांना सहसा कळत नाही. ओडिशात, आसामात किंवा तमिळनाडूत गेलेला मनुष्य विभागीय भाषा-परीक्षा उत्तीर्ण होतो. पण घाईने लिहिलेला अर्ज, तलाठ्यासारख्या गावकामगाराचा अहवाल किंवा जबाबाची वळणदार अक्षरे त्याला पहिल्या वर्षी तरी धड उलगडत नाहीत. शेजारचा कारकून भाषांतर सांगतो आणि साहेब सही करतो. त्या क्षणी पदव्यांची माळ गळ्यात असलेला हा मनुष्य त्या लिपीपुरता निरक्षर असतो. १८७५ चा कुणबी आणि तो यांच्यांत एवढाच फरक की, अज्ञानाची किंमत त्याला स्वतःला द्यावी लागत नाही. अशा वेळी अर्जदाराला समोर बसवून 'तुम्ही काय लिहिले आहे?' एवढे विचारण्यास पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे हा भाषेचा शिष्टाचार नव्हे. तो सहीचाच भाग आहे.

यावर अनुभवी माणसे हसून म्हणतील, "सगळे वाचत बसलो तर दिवसाला चार कागदही हलायचे नाहीत." हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळता येणार नाही. १९४३ ते १९४९ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर असलेल्या चिंतामणराव देशमुखांची सही नोटांवर छापली जात असे. त्यांपैकी एकेक नोट त्यांनी पाहिली असेल असे कोणी म्हणणार नाही. तरी त्या सहीने दिलेले वचन पोकळ नव्हते. अभियंता मोजमाप पुस्तकातील प्रत्येक नोंद स्वतः मोजीत नाही, काही निवडून पडताळतो आणि मग सही करतो. तेव्हा सहीचा अर्थ 'मी सर्व काही पाहिले आहे' असा असूच शकत नाही. मग तो काय असावा? माझ्या मते त्यात तीन गोष्टी येतात. ज्यांच्या शब्दावर मी विसंबलो त्यांच्यावर विसंबण्यास मला सबळ कारण होते, ही पहिली. कागदात जेथे चूक किंवा अन्याय होण्याचा संभव अधिक तेथे मी स्वतः पाहिले, ही दुसरी. आणि उद्या हा कागद वाईट निघाला तर 'खालून तसे आले' असे मी म्हणणार नाही, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टींत विवेक पुरतो. तिसरीला धैर्य लागते, आणि दप्तरांत तिचाच तुटवडा असतो. टिप्पणीवर पाच आद्याक्षरे असावीत आणि चौकशीच्या वेळी पाचही जणांनी आपण वरच्यावर किंवा खालच्यावर विसंबलो होतो असे सांगावे, हे दृश्य आपल्याला नवीन नाही. पाच स्वाक्षऱ्या झालेल्या असतात. सही एकाचीही नसते.

उलट बाजूचा दोषही तितकाच मोठा आहे. जबाबदारीचे हे विवेचन ऐकून कोणी लेखणी म्यानच करील, प्रत्येक प्रकरणावर 'चर्चा करावी' असे लिहून ते परत पाठवील, आणि आपण फार सावध आहोत अशी स्वतःची समजूत घालील. परंतु विधवेच्या निवृत्तिवेतनाचा कागद आठ महिने टेबलावर राहिला, तर तोही एक निर्णयच आहे. फक्त त्याखाली कोणाचे नाव नाही. न केलेल्या सहीला तारीख नसते आणि तिची चौकशी होत नाही, म्हणूनच ती अधिक मोहक असते. वाचून केलेली चुकीची सही प्रामाणिक असू शकते. भिऊन अडवलेली सही तशी क्वचितच असते.

आता शाईचे युगही ओसरू लागले आहे. २००० च्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने अंकीय सहीला मान्यता दिली. मृत्युपत्र मात्र अजूनही त्या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. तेथे कागद आणि हातच हवा. अंकीय सहीचा गुण असा की, ती झाल्यावर मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ते उघडकीस येते. मोर्तबाचे जुने काम ती मोर्तबाहूनही चोख करते. परंतु तिची किल्ली बोटाएवढ्या उपकरणात असते, आणि ती स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची काळजी कायद्याने धारकावर टाकलेली असूनही कित्येक कचेऱ्यांत ते उपकरण आणि त्याचा संकेतांक साहाय्यकाच्या खणात पडून असतात. कोऱ्या कागदावर सही करून ठेवू नये असे घरातली वडीलधारी माणसे सांगत आली. ही किल्ली दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे एका कोऱ्या कागदावर नव्हे, पुढे येणाऱ्या सगळ्या कागदांवर आगाऊ सही करणे होय.

कागदपत्रांच्या व्यवहारात मुरलेली माणसे काही साधे नियम पाळीत: सहीखाली तारीख घालावी, मजकूर आणि सही यांत कोरी जागा ठेवू नये, खाडाखोड असेल तेथे आद्याक्षर करावे, प्रत्येक पानावर नाव लिहावे, आणि न समजलेला शब्द विचारण्याची लाज धरू नये. नोंदणीच्या कायद्यातही खाडाखोडीचा आणि मोकळ्या जागांचा हा नियम आहे. हे सारे स्वाक्षरीच्या रक्षणासाठी आहे, आणि ते करावेच. सहीचे रक्षण करणारा नियम मात्र कोणत्याही अधिनियमात सापडणार नाही. लेखणी टेकवण्यापूर्वी एकदा असे मनाशी धरून पाहावे की, या कागदाने ज्याचे बरेवाईट व्हावयाचे आहे तो मनुष्य समोरच्या खुर्चीवर बसला आहे आणि विचारतो आहे, "साहेब, आपण हे वाचलेत ना?" त्याला सरळ 'होय' म्हणता येत असेल, किंवा 'सगळे नाही, पण तुमच्यापुरते पाहिले आहे, आणि चुकले तर माझ्याकडेच या' असे म्हणता येत असेल, तर खुशाल नाव लिहावे. तसे म्हणता येत नसेल, तर कागद बाजूला ठेवून तो आजच वाचावा. उद्यावर टाकू नये.